रीलमधल्या ‘सँड कॅट’ या वाळवंटी मांजराविषयी ग्रुपवरील चर्चा

देशपांडे वहिनी (बी विंग): काल ग्रुपवर आलेल्या रीलमधले मांजर राजस्थानात सापडते आणि पाळताही येते, असे त्याखाली लिहिले आहे. आमच्या चिरंजीवांनी तेच हवे म्हणून हट्ट धरला आहे. जोशी सर, आपण प्राणिशास्त्र शिकवत होतात, म्हणून विचारते.

जोशी सर (ए विंग): वहिनी, ते मांजर सहारा, अरबस्तान, इराण आणि मध्य आशियातील वाळवंटांत राहते, राजस्थानात नाही. थरमध्ये आणि कच्छमध्ये दिसते ते ठिपकेदार रानमांजर निराळे. रीलमधल्या मांजराचे कान डोक्याच्या कडेला, बरेच खाली असतात. उघड्या वाळूत आडोसा नसल्यामुळे दबा धरताना ते वर डोकावत नाहीत, आणि वाळूखालच्या उंदराची हालचाल मात्र त्यांना अचूक टिपता येते. तळपायांवर इतके दाट केस असतात, की गाद्या झाकल्या जातात. त्यामुळे तापलेल्या वाळूचा चटका बसत नाही आणि पावलांचे ठसेही धड उमटत नाहीत, हे माग काढणाऱ्या अभ्यासकांचे मोठेच दुखणे आहे.

नाईक काका (सी विंग): पण सर, तिथे त्याला पाणी कुठून मिळते?

जोशी सर: मुख्यतः भक्ष्यातून, काका. उंदीर, सरडे, प्रसंगी विषारी सापसुद्धा ते खाते आणि त्या ओलाव्यावर कित्येक आठवडे काढते. उन्हाळ्यात दिवसभर बिळात राहून ते रात्रीच बाहेर पडते.

देशपांडे वहिनी: एवढेसे तर आहे, मग पाळायला काय हरकत आहे?

जोशी सर: वजन दीड ते साडेतीन किलो असले तरी ते रानटीच. शिवाय कोरड्या हवेतला हा जीव दमट हवेत श्वसनाच्या आजारांना चटकन बळी पडतो. प्राणिसंग्रहालयांनाही हे जड जाते, तिथे आपल्याकडच्या जुलै महिन्यात त्याचे काय होईल! कायद्याचेही आहेच. वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ते असल्याने २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपला वन्यजीव कायदाही त्याला लागू होतो. थरचे रानमांजर तर त्या कायद्याच्या पहिल्याच, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. ते पकडणे हा गुन्हा आहे.

नाईक काका: मग रीलमधल्या मांजराची पिल्ले तरी कुणी रानात पाहिली आहेत का?

जोशी सर: होय, २०१७ मध्ये मोरोक्कोतील सहारात अभ्यासकांनी तीन पिल्लांचे चित्रीकरण केले. दिव्याच्या उजेडात त्यांचे डोळे चमकले, म्हणून ती सापडली. मोठी मांजरे उजेड पडताच डोळे मिटून जमिनीला चिकटून बसतात. ते चित्रीकरण इंटरनेटवर आहे. चिरंजीवांना तेच दाखवावे.