मदत हवी आहे: गिटहबवरच्या मिररमधून ब्रँच उडाली

नमस्कार मंडळी, आमचं मूळ रेपो (कोडचा साठा, गिटमध्ये ठेवलेला) गिटलॅबवर आहे, बाहेरच्यांसाठी गिटहबवर त्याची प्रत, म्हणजे मिरर, ठेवतो. रोज रात्री २ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) स्क्रिप्ट चालते: आधी ‘गिट रिमोट अपडेट --प्रून’ (गिटलॅबवरचे बदल आणणं, तिकडे डिलीट झालेल्या ब्रँच इकडूनही काढणं), मग ‘गिट पुश --मिरर’ (ते गिटहबवर ढकलणं).

परवा टीममधल्या एकीने थेट गिटहबवर नवी ब्रँच (कोडची वेगळी शाखा) तयार करून चार कमिट (बदलांच्या नोंदी) टाकले. सकाळी ब्रँच गायब! मिरर पुश म्हणजे इकडे जे नाही ते तिकडून पुसणार, हे माहीत असूनही डोक्यात आलं नाही. चूक माझीच. नशीब, तिच्या लॅपटॉपवर सगळं शाबूत होतं.

आता --मिरर काढून फक्त ‘रेफ्स/हेड्स’ (ब्रँच) आणि ‘रेफ्स/टॅग्ज’ (टॅग) प्रूनशिवाय ढकलले, तर तिकडच्या ब्रँच वाचतील. पण इकडे डिलीट केलेल्या जुन्या ब्रँचचा तिकडे ढीग साठेल. मधला मार्ग कुणी काढलाय का? गिटलॅबचं पुल मिररिंग (दुसरीकडचे बदल गिटलॅबने स्वतःच ओढून घेणं) पैसे भरायच्या प्लॅनमध्ये आहे, साहेब ऐकणार नाहीत.

शिवाय आमच्या मोठ्या फाइल एलएफएसमध्ये (गिटची मोठ्या फाइल वेगळ्या ठेवायची सोय) आहेत. त्यासाठी ‘गिट एलएफएस फेच --ऑल’ आणि मग ‘गिट एलएफएस पुश --ऑल’ वेगळं चालवतो. तुम्ही हे रोज करता की आठवड्यातून एकदा? स्क्रिप्ट असेल तर टाका प्लीज.