‘गुत्त्यात किती?’ : गाडीच्या भावाला हा शब्द चालतो का

रेणापूरकर :
आमच्या ग्राहक मंडळासाठी एक पत्रक लिहायला घेतलंय. पहिल्यांदाच चारचाकी घेणाऱ्या शेतकऱ्यानं शोरूममध्ये काय विचारावं आणि कुठं अडून बसावं, एवढाच विषय. त्यात एक वाक्य असं आहे : ‘भाव आधी गुत्त्यात विचारा.’ म्हणजे सगळं मिळून एकच आकडा विचारा. पत्रक तपासणारे गृहस्थ पुण्याचे. त्यांनी ‘गुत्त्यात’वर फुली मारली आणि समासात लिहिलं, ‘गुत्ता म्हणजे दारूचं दुकान. ऑन-रोड किंमत म्हणा.’

ऑन-रोड म्हटलेलं आमच्या आबांना कळतं, पण त्यांच्या तोंडात तो शब्द नाही. दसऱ्याच्या आधी त्यांच्यासोबत लातूरला गेलो होतो. शोरूममधलं पोरगं कागदावर एकाखाली एक लिहीत होतं. नुसत्या गाडीची एक्स-शोरूम किंमत, आरटीओ, विमा, फास्टॅग, वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरीज. आबांनी त्याचा पेनचा हात धरला. ‘बाळा, असे तुकडे पाडू नको. दारात गाडी उभी करून गुत्त्यात किती बसंल तेवढं सांग.’ पोरगं अहमदपूरचं निघालं. त्यानं पान उलटलं आणि मधोमध एकच आकडा लिहिला.

तर मला विचारायचंय ते हे. हा शब्द मराठवाड्याबाहेर फक्त दारूपुरताच उरलाय का? आणि उरला असला तरी आमच्या जिल्ह्यात वाटायच्या पत्रकात तो का नको?

गोदाकाठची :
नको कशाला? परभणीकडं सोयाबीन काढायचं म्हटलं की पहिला सवाल हाच असतो, रोजानं का गुत्त्यानं? एकरी ठरलं की झालं गुत्तं. रस्ता करणारा गुत्तेदार, शाळेची खोली बांधणारा गुत्तेदार, पेपरातही तसंच छापून येतं. फक्त एक बघा. आमच्याकडं ते ‘गुत्तं’ आणि दारूचा तो ‘गुत्ता’. प्रत्यय लागला की दोन्हींचं ‘गुत्त्यात’ होतं, घोटाळा तिथं आहे. आम्ही ‘गुत्त्यानं’ म्हणतो. ‘गुत्त्यात’ म्हटलं की दुकानाच्या आत असंच ऐकू येतं.

रेणापूरकर :
लातूर भागात काम गुत्त्यानं आणि पैसा गुत्त्यात. लहानपणापासून असंच ऐकत आलोय.

मुळामुठा :
मी साताऱ्याचा, आता पुण्यात. आमच्याकडं याला ‘उक्तं’ म्हणतात. विहीर उक्ती दिली, बांध घालायचं काम उक्तं घेतलं. उक्त म्हणजे बोललेलं. तोंडातून एकदा निघाला तो भाव, पुन्हा हिशेब नाही. पत्रकात ‘उक्ता भाव’ लिहा, नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत कुणी अडखळणार नाही. ‘गुत्त्यात’ वाचून मीही थबकलो असतो, त्या गृहस्थांचं काही चुकलेलं नाही.

गोदाकाठची :
पत्रक रेणापूर-चाकुरात वाटायचंय. कोल्हापूरकरांनी थबकून काय बिघडतंय? ‘उक्तं’ इथं कळतं, पण बाजारात कुणाच्या तोंडी ऐकलं नाही.

जुनी_गढी :
‘गुत्तं’ आणि ‘गुत्ता’ एकच असणार नाहीत. दारूचा गुत्ता हा ‘गुप्त’वरून आला, असं आमचे गुरुजी सांगायचे. चोरून विकायची जागा म्हणून गुप्ता, पुढं गुत्ता. सप्तचं सात झालं, तप्तचं तातं झालं, तसंच हे.

देगलूर_नाका :
गुत्ता चोरीचा नव्हताच मुळी. निजामाच्या काळी शिंदीचा आणि दारूचा लिलाव व्हायचा, ज्यानं सरकारकडून घेतला तो गुत्तेदार आणि त्याचं दुकान तो गुत्ता. दारूचा गुत्ता म्हणजे दारूचा मक्ता, इतकी सरळ गोष्ट आहे. पुढं मक्ता विसरला आणि दुकान राहिलं. आमच्या नाक्यापलीकडं तेलंगणात गेलात की तेलुगू पेपरात कंत्राटदाराला आजही ‘गुत्तेदारु’ छापतात. शब्द तेलुगू आहे.

आणि ‘सप्त’चा ‘सात’ होतो तर ‘गुप्त’चा ‘गूत’ व्हायला हवा. ‘गुत्ता’ कसा झाला ते गुरुजींनी सांगितलं होतं का?

उदगीर_बिदर :
तेलुगू कशाला? कन्नडमध्ये ‘गुत्तिगे’ म्हणजे ठेका, ‘गुत्तिगेदार’ म्हणजे ठेकेदार. कलबुर्गीकडं गुत्तेदार हे आडनाव आहे. उदगीरचं सगळं येणंजाणं बिदरकडं, तिकडनंच आला.

देगलूर_नाका :
तेलुगूतही ‘गुत्त’ आहे, खंडानं घेतलेली जमीन, मक्ता या अर्थानं. नांदेडला उदगीरमार्गे शब्द आणायची गरज नव्हती.

उदगीर_बिदर :
नांदेडचं मी बोललोच नाही. विचारणारा रेणापूरचा आहे.

मायमराठी :
दोघांच्या म्हणण्यातून एकच सिद्ध होतं, शब्द मराठी नाही. छापील पत्रकात लोकांना वळण लावायची संधी असते. ‘एकूण देय मूल्य’ लिहा. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी, बाजारात जे चालतंय ते तसंच उचलायचं नाही म्हणून.

गोदाकाठची :
मग गुत्तेदाराला काय म्हणू? कंत्राट पोर्तुगीज, मक्ता अरबी, ठेका हिंदीकडचा. किंमत हा शब्दही अरबी, म्हणून तुम्ही ‘मूल्य’ घेतलंत, ते दिसलं. पण माझा भाऊ शोरूममध्ये उभा राहून ‘एकूण देय मूल्य किती’ असं म्हणणार नाही. आणि ज्याच्या तोंडी शब्द बसत नाही त्याला तिथं भाव करता येत नाही. पत्रक त्याच्यासाठी आहे. शेजारच्या भाषेतून आलेला, चार पिढ्या आमच्या शिवारात राबलेला शब्द परका कसा?

मायमराठी :
राबला म्हणून शुद्ध होत नाही. ‘दिनांक’, ‘महापौर’ हेही आधी तोंडी बसत नव्हते. छापून आले, वापरले गेले, बसले. आपण आधीच हात टेकले तर काहीच बसणार नाही.

काउंटरपलीकडे :
नांदेडला बरीच वर्षं गाड्या विकल्या, आता दुसरा धंदा आहे. शब्दाचं तुम्ही बघा, पण ‘आधी गुत्त्यात विचारा’ हा सल्ला मला पटत नाही. गिऱ्हाइकानं गुत्त्यात विचारलं की आमचं काम सोपं व्हायचं. एका आकड्यात काय काय बसवलंय ते त्याला दिसत नाही. तो म्हणतो पंधरा हजार सोडा, आपण थोडं अवघडल्यासारखं करून सोडायचे. तेवढे त्या आकड्यात आधीच चढवलेले असतात.

भाव फोडून घ्यावा. एक्स-शोरूम कंपनी ठरवते. आरटीओचा कर सरकारचा. महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या, स्वतःच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे ८ लाखांच्या गाडीला ८८ हजार. त्यात कुणी सूट देऊ शकत नाही आणि कुणी वाढवून मागितला तर तो लगेच पकडता येतो. १० लाखांच्या वरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाकडून आधीच वसूल केलेला आयकर, लागतो, तो विवरणपत्र भरताना आपल्या खात्यावर जमा धरला जातो, बुडत नाही.

खरी जागा विम्याची. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तिऱ्हाइताचा (थर्ड पार्टी) विमा एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो, त्यामुळं पहिला हप्ता तसाही जड दिसतो आणि त्या जडपणात बाकीचं लपतं. विमा डीलरकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही. बाहेरून त्याच गाडीचा, त्याच कलमांचा आकडा आणून टेबलावर ठेवला की डीलरचा आकडा उतरतो, हे मी रोज बघितलंय. मग ॲक्सेसरीजचं पॅकेज. मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप बाहेर निम्म्या पैशात होतात. मग ‘हाताळणी’ किंवा ‘लॉजिस्टिक’ नावाची ओळ. ती कशाची, असं विचारायचं आणि गप्प बसायचं. ज्याला उत्तर देता येत नाही तो ती काढतो.

रेणापूरकर :
हे सोन्यासारखं आहे, पत्रकात घेतो. पण आबांचं म्हणणं वेगळं होतं. तुकड्यातुकड्यानं सांगितलं की प्रत्येक तुकडा लहान वाटतो, माणूस हो हो म्हणत जातो आणि शेवटी बेरीज अंगावर येते. म्हणून आधी गुत्त्यात, मग फोडून. त्यांनी दोन शोरूमचे गुत्त्यातले आकडे समोरासमोर ठेवले आणि मगच फोड मागितली.

मुळामुठा :
‘फोड’ हा शब्द मात्र फार छान. ‘तपशीलवार विभागणी’ असलं काही लिहू नका, ‘किंमतीची फोड मागा’ लिहा.

मायमराठी :
‘किमतीची’. ‘कि’वर अनुस्वार नाही.

वकील_अंबाजोगाई :
रेणापूरकर, पत्रकात ‘घासाघीस करा’ असं कुठं लिहिलं असेल तर तेही बघा. घासाघीस भाजीला, चपलेला. शोरूममध्ये एक्स-शोरूमवर घासून काही होत नाही. तिथं जे चालतं त्याला ‘सौदा’ म्हणावं. योजना, जुन्या गाडीचा बदला, महिनाअखेरीचं टार्गेट, सरत्या वर्षाचा उरलेला माल, हे सगळं जुळवून सौदा बसतो.

हंडरगुळी_बाजार :
सौदा म्हणजे लातूरच्या मोंढ्यात उघड पुकारा. शोरूममध्ये पुकारा कुठंय? माझ्या वडलांनी हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी बैलांची जोडी घेतली तेव्हा भाव रुमालाखाली झाला. दलालानं वडलांचा हात रुमालाखाली धरला, बोटं दाबली, वडलांनी मान हलवली, पुन्हा दाबली. शेजारी उभ्या माणसाला शेवटपर्यंत आकडा कळला नाही. त्याला ‘हत्ता’ म्हणायचे. शोरूममध्ये मॅनेजरच्या काचेच्या खोलीत नेऊन, ‘हा भाव बाहेर सांगू नका’ असं बजावून जे देतात, तो हत्ताच आहे. ‘हातमिळवणी’ हा शब्दही यावरूनच आला असं मला वाटतं.

देगलूर_नाका :
हातमिळवणी साधी हात मिळवण्यावरून. रुमाल कशाला मध्ये?

हंडरगुळी_बाजार :
मग हातमिळवणीला नेहमी लपूनछपून केल्याचा वास का येतो? दोन पक्षांनी उघड समझोता केला तर त्याला कुणी हातमिळवणी म्हणत नाही.

वकील_अंबाजोगाई :
म्हणतात. पण ते असू द्या. शेतमालाच्या बाजारात हत्ता चालत नाही, बाजार समितीत उघड लिलावच लागतो. गाडीला तसा नियम नाही, म्हणून तर लेखी कोटेशन घ्या असं सांगावं लागतं.

रेणापूरकर :
पत्रक छापायला द्यायचंय. ‘गुत्त्यात’ ठेवतोय, पुढं कंसात ‘सगळं मिळून’ लिहितो. कुणाचा ठाम विरोध असेल तर आताच सांगा. आणि एक, बुकिंगच्या पैशाला काय लिहू? आबा ‘इसार’ म्हणतात.

गोदाकाठची :
आमच्याकडं बयाना. जमिनीला इसार, बैलाला आणि बँडवाल्याला बयाना.

मायमराठी :
इथं तरी जुना शब्द वापरा. ‘संचकार’. संस्कृत ‘सत्यंकार’वरून आलेला, सौदा खरा करण्यासाठी दिलेली रक्कम. अर्थ शब्दातच आहे, आणि हा नवा घडवलेला नाही, मराठीत होताच.

मुळामुठा :
हा मला खरंच आवडला. कोकणीत आजही ऐकलाय.

वकील_अंबाजोगाई :
शब्द सुंदर आहे, पण इथं जपून. इसार आणि आगाऊ रक्कम या कायद्यानं दोन वेगळ्या गोष्टी. घेणाऱ्यानं शब्द मोडला तर इसार जप्त होऊ शकतो. नुसती आगाऊ रक्कम परत मागता येते. शोरूमच्या पावतीवर काय लिहिलंय, रद्द केल्यावर किती कापणार, हे वाचल्याशिवाय पत्रकात सरसकट ‘इसार’ लिहू नका. माणूस तो शब्द वाचून पैसे गेले असं समजेल आणि मागायलाच जाणार नाही. असे लोक माझ्याकडं येतात.

हंडरगुळी_बाजार :
आमच्याकडं ‘विसार’. इसार ही लिहिण्यातली चूक असावी.

वकील_अंबाजोगाई :
दोन्ही आहेत. खरेदीखतांच्या कागदांत ‘इसारपावती’ आणि ‘विसारपावती’ दोन्ही सापडतात.

हंडरगुळी_बाजार :
सापडत असतील. पण ‘विसार’ आधीचा, ‘व’ पुढं गळाला. विस्तव म्हणतो तसा इस्तव म्हणणारेही आहेतच.

उदगीर_बिदर :
मग उलटंही होतं. एकला येक म्हणतो, ओठाला व्होट म्हणतो. ‘व’ गळाला का चिकटला, हे कशावरून ठरवायचं?