परिवीक्षा अधिकारी घरी चौकशीला येणार आहेत; त्यांना काय आणि किती सांगावे?

प्रश्न – सातारकर मामा

माझ्या भाच्याला मोटारसायकल चोरीच्या खटल्यात न्यायालयाने नुकतेच दोषी ठरवले आहे. घटना मे २०२४ मधील, म्हणजे नवी न्याय संहिता लागू होण्यापूर्वीची असल्याने खटला जुन्या दंड संहितेच्या कलम ३७९ खाली चालला. मुलगा वीस वर्षांचा आहे, दोन महिन्यांनी एकवीस पूर्ण करील, आणि त्याच्यावर यापूर्वी कोणताही गुन्हा नाही. न्यायालयाने शिक्षेचा निर्णय राखून ठेवून परिवीक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल मागवला आहे (परिवीक्षा म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर बाहेर ठेवणे). मुलाचे वडील हयात नाहीत, बहीण शेतमजुरी करते आणि तो बराच काळ माझ्याकडेच वाढला. वर्षभर तो वाईट संगतीत होता व दारूही पीत होता. आता दोन्ही बऱ्यापैकी सुटले आहे. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, की यातले काही बोलू नये, मुलगा गुणी आहे एवढेच सांगावे. आपण सांगितलेले पोलिसांकडे जाईल, अशी बहिणीला भीती वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – निवृत्त परिवीक्षा अधिकारी

मामा, आपल्या बहिणीची भीती समजण्यासारखी आहे. परंतु हे अधिकारी पोलीस खात्याचे नसतात. आपल्या राज्यात ते महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत काम करतात. त्यांची चौकशी गुन्हा घडला की नाही याची नसून, या मुलाला तुरुंगाबाहेर ठेवले तर तो कोणाच्या आधाराने आणि कोणत्या परिस्थितीत राहील, याची असते. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ७ नुसार हा अहवाल गोपनीय असतो. न्यायालयाला योग्य वाटल्यास ते त्यातील सारांश मुलाला कळवू शकते आणि त्यावर पुरावा देण्याची संधीही देऊ शकते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. दारू व संगतीविषयी खरे तेच सांगा. अधिकारी घरी येतात तसे शेजारी, शाळेतील शिक्षक आणि काम देणारे मालक यांनाही भेटतात, त्यामुळे लपवलेली गोष्ट बहुधा दुसरीकडून कळतेच आणि मग आपल्या बाकीच्या खऱ्या माहितीवरचाही विश्वास उडतो. याहून महत्त्वाचे कारण असे, की कलम ४ खाली मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर) सोडताना राहण्याचे ठिकाण, मद्यापासून दूर राहणे अशा अटी न्यायालय घालते, आणि त्या मुलाच्या वास्तवाला धरून असतील तरच त्याला पाळता येतात. ‘मुलगा अत्यंत सुस्वभावी आहे’ एवढेच लिहिलेल्या अहवालाचा न्यायाधीशांना काहीही उपयोग होत नाही. संगत कशी सुटली, त्यासाठी घराने काय केले आणि तो आता कोठे कामाला जातो, हे तपशिलाने सांगा. मुलालाही स्वतःच्या तोंडाने सांगू द्या.

पुढील देखरेखीविषयीही मनात धास्ती बाळगू नये. देखरेखीचा आदेश झाल्यास तो किमान एक वर्षाचा असतो आणि बंधपत्राची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. या काळात मुलाला सल्ला देणे आणि आवश्यक तेथे योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणे, हे कलम १४ ने अधिकाऱ्यांचे कर्तव्यच ठरवले आहे. अल्पवयीन मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या बाल न्याय मंडळासाठीचे चौकशी अहवालही परिवीक्षा अधिकाऱ्यांनाच करावे लागत असल्याने भेटींना उशीर होतो, हे मी नाकारणार नाही. तरीही मुलाने ठरलेल्या दिवशी स्वतःहून हजर राहावे.

उत्तर २ – फौजदारी वकील

ताईंच्या मताशी मी पूर्णपणे सहमत आहे. कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो. एकवीस वर्षांखालील व्यक्तीला शक्यतो तुरुंगात पाठवू नये, हा याच अधिनियमाच्या कलम ६ चा हेतू आहे. पाठवायचेच झाल्यास न्यायालयाला तशी कारणे नोंदवावी लागतात. वय मोजण्याचा दिवस गुन्ह्याचा नसून विचारण न्यायालय (खटला चालवणारे न्यायालय) शिक्षेचा निर्णय करते तो असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने रामजी मिस्सर खटल्यात सांगितले आहे. त्यामुळे शिक्षेचा निर्णय एकवीस पूर्ण होण्याआधी व्हावा, याकडे आपल्या वकिलांनी लक्ष द्यावे. जन्मतारखेचा दाखला मात्र तयार ठेवा. मोटारसायकलच्या मालकाचे नुकसान झाले असल्यास न्यायालय कलम ५ खाली भरपाई देण्यास सांगू शकते, म्हणून त्याचीही तयारी असावी.

पुढील प्रश्न – सातारकर मामा

दोघांचेही मनापासून आभार. खरे तेच सांगायचे, असे आम्ही घरी ठरवले आहे. आणखी दोन शंका आहेत. मुलाला पुण्यात एका गॅरेजमध्ये काम मिळत आहे, तर तो जाऊ शकेल काय? आणि पुढे सरकारी नोकरीचा मार्ग कायमचा बंद होतो काय?

उत्तर ३ – फौजदारी वकील

बंधपत्रावर सोडण्यापूर्वी मुलाचे किंवा जामीनदाराचे कायम वास्तव्य अथवा नियमित व्यवसाय न्यायालयाच्या हद्दीत आहे, याची खात्री न्यायालय करून घेते. आपण जामीनदार राहिलात तर ही अडचण सुटू शकते. मात्र पुण्याचे काम चौकशीच्या वेळीच अधिकाऱ्यांच्या कानावर घाला. आदेशानंतर न सांगता गाव सोडले आणि राहण्याच्या ठिकाणाची अट मोडली, तर कलम ९ खाली न्यायालय त्याला बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते. पहिल्याच चुकीला पन्नास रुपयांपर्यंतच्या दंडावर सोडण्याची मुभा न्यायालयाला आहे, पण तिच्यावर विसंबू नये.

नोकरीबाबत कलम १२ असे सांगते, की दोषसिद्धीमुळे एखाद्या कायद्याने येणारी अपात्रता परिवीक्षेवर सुटलेल्याला लागू होत नाही. परंतु दोषसिद्धी पुसली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये बक्षी राम खटल्यात स्पष्ट केले आहे. अर्जात विचारणा असेल तेथे ती लिहावीच लागेल. २०१६ च्या अवतार सिंग निकालानुसार ती दडवणे हेच नोकरी जाण्याचे कारण ठरू शकते.

उत्तर ४ – निवृत्त परिवीक्षा अधिकारी

गॅरेज मालकांचे काम देण्याविषयीचे पत्र, पुण्यात राहण्याची सोय आणि तेथे त्याच्यावर लक्ष ठेवणारे कोणी नातेवाईक असल्यास त्यांचा पत्ता, एवढे कागद गृहभेटीच्या दिवशी हाताशी ठेवा. अधिकारी ते अहवालात नोंदवू शकतील, आणि न्यायालयाला अटी घालताना पुण्याचा विचार आधीच करता येईल. आदेशानंतर बदल हवा असेल, तर कलम ८ खाली परिवीक्षा अधिकारीच न्यायालयाकडे अर्ज करतात, त्यामुळे मुलाने आधी त्यांच्याशी बोलावे.