मुक्त गोठ्यात खुराक यंत्रावर सोडावा का?

मुक्त गोठा म्हणजे गाई न बांधता मोकळ्या ठेवतात तो. इथे तीन मतं आहेत: ‘खुराकवाला’ यंत्राच्या बाजूचा, ‘गव्हाण’ हाताने घालण्याच्या बाजूचा, आणि ‘वैरण आधी’ म्हणणारा तिसरा.

खुराकवाला: माझं मत, सोडावा. दिवसाला 20 लिटर देणाऱ्या एचएफ संकरित गाईला लिटरमागे 400 ग्रॅमने 8 किलो खुराक बसतो. आपण तो दोन धारांना 4-4 किलो घालतो. एका बैठकीत एवढी गोळी पेंड पोटात गेली की कोटीपोटाचा सामू (पीएच) झपाट्याने उतरतो, म्हणजे पोट आंबतं. तो 5.8 च्या खाली रोज काही तास राहू लागला की रवंथ कमी होतो, शेण पातळ पडतं, फॅट घसरतं आणि पुढे खुरं धरतात. यंत्र गळ्यातला टॅग वाचून हेच 8 किलो सात हप्त्यांत देतं, दर वेळी सव्वा किलोच्या आत. शिवाय उन्हाळ्यात गाय दुपारी खात नाही, रात्री आणि पहाटे खाते. त्या वेळी गडी नसतो, यंत्र असतं.

गव्हाण: पोटाचं गणित मान्य, पण गाईच्या स्वभावाचं काय? गाय कळपाने खाते. एक गव्हाणीला लागली की बाकीच्या उठतात. गव्हाणीवर प्रत्येकीला दोन-अडीच फूट जागा असेल तर सगळ्या एकदम खातात, मग एकदम बसतात. यंत्रात तोंड एकच. वरचढ गाय स्वतःचा कोटा संपवूनही सांडलेल्या गोळ्यांसाठी तिथेच घुटमळते आणि पहिलारू लांब उभी राहते. गाईला दिवसात बारा तासांच्या आसपास बसणं लागतं. त्यातले दोन तास सिमेंटवर ताटकळण्यात गेले, तर जी खुरं वाचवायला यंत्र आणलं तीच दुखायला लागणार.

खुराकवाला: रांग लागते तिथे बहुतेक वेळा मांडणी चुकलेली असते. यंत्राच्या एका खणाला (एक गाय उभी राहून खाते तो कप्पा) 25 च्या वर गाई नकोत. मागे बंद होणारं दार हवंच. ते नसेल तर मागची गाय कासेला नि मांडीला ढुशा देते आणि आतली अर्धवट खाऊन बाहेर पडते. दारासमोर 12-15 फूट मोकळं ठेवा, पाण्याची टाकी तिथे नको. आणि गोळी मिनिटाला साधारण 300 ग्रॅमच्या वेगानेच सोडा. जास्त वेगाने पडली की तबकात उरते, आणि टोळकं जमतं ते त्या उरलेल्यावरच.

वैरण आधी: तुम्ही दोघं खुराकावर भांडताय. गव्हाण रात्री दहानंतर रिकामी असेल तर सात हप्ते करूनही गाय अस्वस्थच राहणार, उपाशीपोटी यंत्राभोवती फिरणार. गाई खाताना वैरण पुढे लोटतात. गव्हाणीपासून तीन फुटांपलीकडे गेलेली वैरण त्यांच्या दृष्टीने संपलेलीच. ती आत ढकलणं गरजेचं आहे, पण नुसत्या ढकलण्याने गाय फारशी उठत नाही, ताज्या वैरणीने उठते. म्हणून टीएमआर (वैरण आणि खुराक एकत्र मिसळलेला आहार) एकदाच ओतण्याऐवजी तीन-चारदा द्या. दुबळ्या गाईला पाळी मिळते आणि निवडून खाणं कमी होतं. मिश्रण कोरडं असेल तर गाय भरडा चाटून कडबा मागे ठेवते. अशा वेळी निम्मं वजन ओलाव्याचं होईल इतकं पाणी शिंपडा, कुट्टी एक-दीड इंचाची ठेवा. उरलेली वैरण सकाळच्या वैरणीसारखी दिसत नसेल तर निवड चालू आहे. आणि मिक्सरला लोहचुंबक लावाच. बांधणीची तार त्यात बारीक तुकडे होऊन जाते, जाळीदार पोटात टोचते.

गव्हाण: हे पटलं. पण पावसाळ्यात यंत्राच्या टाकीत भरडा दमट होऊन कमान धरतो, म्हणजे तोंडाशी अडकून राहतो. मोटर फिरते, पडत काहीच नाही आणि नोंद मात्र ‘दिलं’ अशी होते. गाय सात वेळा येऊन रिकामी परतते. माणसाच्या हातून असं होत नाही.

खुराकवाला: भरडा घालूच नये, गोळी घालावी, आणि टाकीत तीन दिवसांपेक्षा जास्त माल नको. दर नव्या लॉटला दहा हप्ते बादलीत धरून वजन करायचं, कारण गोळीचं आकारमान बदललं की ग्रॅम बदलतात. वीज गेली तर मागचं दार आपोआप उघडणारं हवं. वीज आल्यावर साचलेला कोटा एकदम मिळू नये म्हणून एका भेटीची मर्यादा दीड किलोवर बांधा. सकाळी सहाला यादी बघा, तीन-चतुर्थांशापेक्षा कमी खाल्लेली गाय आधी तपासा. दूध घटण्याआधी आजार इथेच दिसतो.

गव्हाण: ती यादी बघणारा माणूस रोज गोठ्यात फिरत असेल तरच. शिंग मारणारी कोण, कोणाला कान पाडून उभं राहायची सवय लागली, हे टॅग सांगत नाही. 15 गाईंच्या गोठ्यात मी अजूनही तेच 8 किलो चार वेळा हातानेच घालावेत म्हणेन, वैरणीवर पसरून.

वैरण आधी: 15 ला हात, 40 च्या पुढे यंत्र, इथपर्यंत मीही येईन. मात्र चौथा हप्ता रात्री साडेनऊला पडला पाहिजे. तो चुकणार असेल तर 15 गाईंनाही यंत्रच बरं.