ऊसतोडीहून परतलेली लेकरं वर्गात कशी सामावून घ्यावीत?

प्रश्न (बीड, तिसरी-चौथी एकत्र): पाच लेकरं मार्चमध्ये कारखान्यावरून आलीत. हातच्याची वजाबाकी येत नाही. एकाला फळ्यावरचं दिसत नाही. काय करावं?

उत्तर १: इयत्ता विसरा, पातळी बघा. १०-१० काड्यांचे गठ्ठे द्या. ५२ मधून १७ काढताना गठ्ठा त्यांनाच सोडू द्या. थेट उभी मांडणी दिली की मोठ्या अंकातून लहान वजा करून ४५ लिहितात. चूक आळसाची नाही, सुटं करणं हातानं न केल्याची.

उत्तर २: पातळीनुसार केलेले गट १५ दिवसांनी मोडा, नाहीतर 'ढ' गट ठरलाच म्हणून समजा.

उत्तर ३: फळा न दिसणाऱ्याला नुसतं पुढे बसवून भागत नाही. फळ्यावर चकाकी नको, लिहिताना मोठ्यानं वाचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून डोळे तपासून घ्या.