मदत हवी आहे: पार्किन्सन्स असलेल्या आत्यासाठी ठाणे / नवी मुंबईत राहण्याची सोय, नक्की काय बघून ठरवायचं?

ऐरोलीकरीण

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

माझी आत्या, वय ७६, नौपाड्यात एकटी राहते. लग्न केलं नाही, अनुदानित शाळेत गणित शिकवायची, पेन्शन आहे. पार्किन्सन्स होऊन बरीच वर्षं झाली. डोकं एकदम शाबूत, माझ्या मुलाची दहावीची भूमिती अजून तोंडी सोडवते, पण चालताना दारापाशी आली की पाय जागेवरच अडकतात आणि वरचं अंग पुढे जातं. दोनदा पडलीय, नशिबाने हाड वाचलं. आतापर्यंत निभावलं कारण सकाळ-संध्याकाळ एक मावशी येतात आणि अख्खी बिल्डिंग ओळखीची आहे, कोणी ना कोणी डोकावून जातं.

आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. दिवाळीनंतर घरं रिकामी करायची, बिल्डर भाडं देणार, तीन वर्षं म्हणतोय म्हणजे आपण पाच धरायची. अनोळखी बिल्डिंगमध्ये भाड्याच्या घरात तिला एकटी ठेवणं मला झेपणार नाही. आमच्याकडे ऐरोलीला वन बीएचके, सासूबाई, दोन मुलं. तरी मी म्हटलं ये, तर तीच म्हणाली, "मला कुणाच्या हॉलमध्ये दिवाणावर झोपायचं नाही, माझ्यासाठी नीट जागा बघ, आणि बघताना मला घेऊन जा, मी काय फर्निचर नाहीये."

तर बघून आलो त्या जागा अशा. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे एक, चकाचक, रिसेप्शनला ऑर्किड, डबल शेअरिंग ५५ हजार. सगळे फार गोड बोलतात पण लोक आपापल्या खोलीत टीव्ही लावून बसलेले. दुसरी पनवेलच्या पुढे, बैठ्या खोल्या, आंब्याची झाडं, ३० हजार, आत्याला तीच आवडली, पण रात्री काही झालं तर मोठं हॉस्पिटल लांब आणि मला ऐरोलीहून पोचायला दीड-दोन तास. तिसरी नेरूळला, रो हाउसमध्ये, घरगुती, जेवण आपलं वरण-भात-भाजी-पोळी, ३८ हजार, पण खालच्या मजल्यावरच्या खोल्या भरलेल्या आणि वर जायला नुसता जिना.

सगळीकडे ब्रोशर एकच असल्यासारखं वाटतं, २४ तास नर्सिंग, योगा, सण-उत्सव वगैरे. त्याच्या मागचं कसं कळणार? काय विचारायचं? ज्यांनी आपल्या माणसाला ठेवलंय त्यांनी प्लीज सांगा. चुलतभाऊ अमेरिकेत आहे, तो पैशाला मदत करेल पण निर्णय माझ्यावर आहे.

खाडीवारा

ताई, वाईट वाटून घेऊ नका पण आपल्या संस्कृतीत वडीलधाऱ्यांना असं बाहेर ठेवत नाहीत. ज्यांनी तुम्हाला अंगाखांद्यावर खेळवलं त्यांना शेवटी परक्यांच्या हाती?

ऐरोलीकरीण

@खाडीवारा, आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमच्याकडे अटॅच बाथरूमची खोली रिकामी असेल तर ती यायला तयार आहे. पुढे?

कोपरीची सिस्टर

😂 आत्या भारी आहेत.

मी रिटायर्ड स्टाफ नर्स, न्यूरो वॉर्डमध्ये बरीच वर्षं काढली. पार्किन्सन्स असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी गोळ्यांच्या वेळा बघा. सिंडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची नेहमीची गोळी, चालू असणार ना? ती गोळी सकाळ-दुपार-रात्र अशी ढोबळ चालत नाही. सहा, दहा, दोन, सहा लिहून दिलंय म्हणजे तेव्हाच, अर्धा-पाऊण तास उशीर झाला तर पेशंट कडक होतो, बाथरूमपर्यंत जाता येत नाही, आणि पडतात ते बहुतेक अशाच वेळी. बऱ्याच ठिकाणी काय करतात, औषधांची ट्रॉली नाश्त्यानंतर एकदा आणि जेवणानंतर एकदा फिरते, सगळ्यांना एकदम वाटून मोकळे. शुगर-बीपीवाल्यांचं त्यात निभावून जातं, तुमच्या आत्यांचं नाही निभावणार. शिवाय ही गोळी शक्यतो जेवणाच्या अर्धा तास आधी, कारण डाळ, दूध, पनीर असलं प्रोटीनचं खाणं बरोबर आलं तर कित्येकांना तिचा असर कमी होतो. तेव्हा मॅनेजरला विचारू नका, मॅनेजर हो म्हणणारच. जी मुलगी प्रत्यक्ष गोळ्या देते तिला गाठा आणि विचारा, "सकाळी सहाची गोळी कोण देतं?" ती मॅनेजरच्या तोंडाकडे बघायला लागली तर काय ते समजा. औषधांचं रजिस्टर बघायला मागा. सगळ्या सह्या एकाच पेनाने एकाच बैठकीत केलेल्या असतील तर ते लगेच दिसतं.

दुसरं, गोळी अचानक बंद पडता कामा नये. "स्टॉक संपला, सोमवारी आणतो" हे या औषधात धोक्याचं आहे. पंधरा दिवसांचा साठा तिथे आणि थोडा तुमच्या घरी.

तिसरं म्हणजे फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून चिकटवा: पेरिनॉर्म नको, हॅलोपेरिडॉल नको. उलटी झाली की व्हिजिटिंग डॉक्टर सवयीने पेरिनॉर्मचं इंजेक्शन देतात आणि रात्री पेशंट गोंधळला तर हॅलोपेरिडॉल. दोन्हींनी पार्किन्सन्स बिघडतो. उलटीवर डोमपेरिडोन वगैरे पर्याय आहेत, ते तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडूनच नावासकट लिहून घ्या.

आणि नेरूळचा जिना विसरा. खालची खोली रिकामी होईपर्यंत वर राहा म्हणाले तरी नाही म्हणायचं.

खारघर सेक्टर बाराचा

माझे वडील पावणेतीन वर्षं अशा एका ठिकाणी होते, नाव लिहीत नाही. महिन्याचा आकडा सांगतात तो सुरुवातीचा असतो हे लक्षात ठेवा. आमचं बिल ३५ वर ठरलं आणि कधीच ३५ आलं नाही. डायपर वेगळे, फिजिओ वेगळा, हॉस्पिटलला सोबत माणूस पाठवला की त्याचा दिवस वेगळा, आणि वर्षभराने "आता यांना जास्त मदत लागते" म्हणून वरची कॅटेगरी. ही कॅटेगरी कोण ठरवतं, किती वाढते, हे आधी लेखी घ्या. डिपॉझिट किती दिवसांत परत, माणूस हॉस्पिटलमध्ये असताना खोलीचे पूर्ण पैसे लावतात का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पूर्ण अंथरुणाला खिळल्यावर ठेवतात की "घेऊन जा" म्हणतात. आम्हाला हे शेवटचं ऐन वेळी कळलं आणि फार धावपळ झाली.

जीएसटीचंही विचारा. धर्मादाय म्हणून इन्कम टॅक्सकडे रजिस्टर्ड संस्थेचा वृद्धाश्रम असेल आणि राहणं-खाणं-देखभाल सगळं धरून माणशी महिना २५ हजारांपर्यंत घेत असेल, तर ६० च्या पुढच्यांना जीएसटी माफ आहे. तुमच्या तिन्ही जागा त्या आकड्याच्या वर आहेत, तेव्हा ३८ म्हणजे टॅक्स धरून की वेगळा हे आधी क्लिअर करा.

रात्री जा एकदा. भेटायच्या वेळेबाहेर, साडेनऊ-दहाला, "आत्याचा चष्मा राहिला" काहीही सांगून. किती माणसं जागी आहेत ते दिसतं. दिवसाचा स्टाफ सगळेच दाखवतात.

राममारुतीरोड

मी उलटं सांगतो. याच भागात तळमजल्यावर भाड्याचा वन आरके बघा आणि २४ तासांची बाई ठेवा. बिल्डरचं भाडं आहेच. तलावपाळीची चक्कर, शेजारी, त्यांचे न्यूरॉलॉजिस्ट, सगळं तेच राहील. होममध्ये गेलेला माणूस सहा महिन्यांत निम्मा होतो, मी बघितलंय.

ऐरोलीकरीण

@राममारुतीरोड दादा, हा विचार खूप केला. ब्युरोवाल्याने २८ हजार सांगितले, वर तिचं खाणंपिणं, घरभाडं, स्वयंपाक वेगळा. पैसे एक वेळ जमतीलही, पण बाई गावाला गेली की बदली येईपर्यंत कोण? मी नोकरी करते, प्रत्येक सणाला तेच टेन्शन. आणि एकाच अनोळखी माणसाच्या हातात रात्रंदिवस, वर दुसरं कोणी बघणारं नाही, याची मला जास्त भीती वाटते. आत्याला तर गप्पांना माणसं पाहिजेत, पत्ते खेळायला चौघं पाहिजेत.

सिस्टर, तुम्ही सांगितलेला सहाच्या गोळीचा प्रश्न घोडबंदरला फोनवर विचारला. "मॅडम, आमचा मॉर्निंग स्टाफ आठला येतो, पण आम्ही मॅनेज करू." झालं, ती जागा कटाप. ५५ हजारांत ऑर्किड मिळतात म्हणजे.

वकीलसाहेब नाही म्हणा

कागदपत्रांचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. आत्यांचं डोकं शाबूत आहे तोवर हे उरका.

१. रिडेव्हलपमेंटच्या करारावर त्यांनी स्वतः सही करून तो रजिस्टर झालेला असू दे. जागा सोडायच्या आधी. हात थरथरतो म्हणून सही जुळत नाही अशी तक्रार बँकेत येते, तिथेही आत्ताच नवीन सही किंवा अंगठ्याची सोय करून घ्या.

२. सगळे म्हणतील पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करा. करा, पण एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. आपल्याकडे देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की ती पॉवर कायद्यानेच संपते, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हा कामाची नाही. नंतर हायकोर्टात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. त्यापेक्षा पेन्शनचं खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांच्या नावाचं, कोणीही एक चालवू शकेल असं) होत असेल तर बँकेत विचारा, आणि मृत्युपत्र आत्ताच, डॉक्टरच्या दाखल्यासकट.

३. कोणी "फ्लॅट माझ्या नावावर कर, मी बघतो" म्हणालं तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ वाचा. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर परत घेता येते, पण ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी, नाहीतर भांडत बसा. आणि गंमत म्हणजे याच कायद्यात मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाच्या पोटगीची जबाबदारी, ज्या नातेवाइकाला पुढे त्यांची मालमत्ता मिळणार आहे आणि ज्याची ऐपत आहे, त्याच्यावर आहे. अमेरिकेतल्या बंधूंना पाठवा हे.

खारघर सेक्टर बाराचा

वरच्यात भर. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये लागतो, तुमची शिफ्टिंग नेमकी तेव्हाच. चेहरा दाखवून मोबाइलवर जीवन प्रमाण होतं, बँकेत न्यायची गरज नाही. आणि सत्तरीच्या पुढे आहेत तर आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढून ठेवा, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण ते हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट झाल्यावर आणि योजनेतल्या हॉस्पिटलमध्येच. होमच्या फीला त्याचा काही उपयोग नाही.

साठवलेले पैसे असतील तर सरकारच्या सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये ३० लाखांपर्यंत टाकता येतात. ८.२ टक्क्यांनी तीन महिन्यांला ६१,५०० येतात, म्हणजे महिना साडेवीस हजार. पेन्शन, हे आणि बिल्डरचं भाडं मिळून नेरूळ सहज बसतं, भावाकडे हात पसरायला नको.

कोपरीची सिस्टर

पनवेलच्या जागेवर एकदम फुली मारू नका. आत्यांना आवडली हे छोटं नाही. रात्रीची नर्स खरंच नर्स आहे का, गाडी कोणाची, कुठल्या हॉस्पिटलला नेतात, तिथे न्यूरॉलॉजिस्ट आहे का, हे विचारा. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियमावली काढलीय. ती विकायच्या घरांना लागते, होमला नाही, पण यादी म्हणून कामाची आहे: रुंद दारं, न घसरणाऱ्या फरश्या, बाथरूममध्ये धरायला दांडे, पॉवर बॅकअप. बैठ्या खोल्यांना उंबरठे आहेत का ते खास बघा, दारात पाय अडकणाऱ्याला उंबरठा फार वाईट. दारासमोर जमिनीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या मारू देतात का विचारा, पट्टी ओलांडायची म्हटलं की कित्येकांचा पाय सुटतो.

मुंबईची पार्किन्सन्स सोसायटी, पीडीएमडीएस, त्यांचे सपोर्ट ग्रुप चालतात, आत्यांना एकदा न्या. तिथल्या नातेवाइकांना कुठल्या जागेत काय चालतं ते आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. सरकारी हेल्पलाइन १४५६७, तीही फुकट आहे.

ऐरोलीकरीण

सगळ्यांना मनापासून थँक्यू, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं.

अपडेट देते. पनवेलला परत गेलो, या वेळी रात्री. गेटवर थोडी कुरकुर झाली पण आत सोडलं. एक जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली मुलगी आणि दोन मावशी जाग्या होत्या, चौदा जणांना. सहाच्या गोळीचं विचारलं तर तिने आत्यालाच उलट विचारलं, "कितीची घेता, रिकाम्या पोटी ना?" उंबरठे आहेत, पण मालक म्हणाले दोन खोल्यांचे तोडून देतो. लेखी मागितलंय. वरची कॅटेगरी आणि अंथरुणाला खिळल्यावर काय, हेही त्यात घाला म्हटलं तर जरा वेळ मागितला, बघू. नेरूळवाल्यांनी खालची खोली जानेवारीत देतो म्हणून सांगितलंय.

आत्याने आता नवीन अट काढलीय, आधी महिनाभर ट्रायल, नौपाड्याची किल्ली तोवर तिच्याच पर्समध्ये. पनवेलवाले म्हणतात ट्रायललाही तीन महिन्यांचं डिपॉझिट. हे सगळीकडे असंच असतं का, की घासाघीस होते? आणि त्या बाजूला न्यूरॉलॉजिस्ट असलेलं, रात्री इमर्जन्सी घेणारं हॉस्पिटल कोणाच्या अनुभवातलं असेल तर सांगा, शनिवारी परत जातोय, तेव्हा रस्ता मोजून येईन.