मदत हवी आहे: १९२४ची गंजलेली फोर्ड मॉडेल टी टूरिंग, कामाला सुरुवात कुठून करावी?

नमस्कार मंडळी,

सांगलीजवळच्या एका शेडमध्ये उभी असलेली मॉडेल टी टूरिंग (कापडी टपाची उघडी गाडी) दुरुस्तीला घेत आहे. स्टिअरिंग उजवीकडे आणि इंजिन नंबराच्या आधी ‘सी’ अक्षर, म्हणजे कॅनडाच्या कारखान्यातली. स्टार्टर नाही, हँडल मारूनच चालू होणारी.

आजची स्थिती अशी:
– इंजिन जाम. हँडल तसूभरही फिरत नाही. प्लग जागेवर होते, पण रेडिएटरचं झाकण गायब.
– चॅसीवर गंज आहे, पण हातोडी मारली की खणखणीत वाजते. दारांचा आणि मागच्या मडगार्डांचा खालचा चार बोटं पत्रा मात्र चाळणी झालाय.
– बॉडीच्या तळाची लाकडी चौकट बोटाने दाबली की भुगा होतो. टपाच्या कमानी आहेत, कापड नाही.
– पुढच्या डाव्या चाकाचे आरे हलतात.
– कॉइलची (प्लगला ठिणगी देणारी) पेटी आणि आतल्या चारही कॉइल शाबूत दिसतात.

प्रश्न तीन. आधी इंजिन मोकळं करू की बॉडी उतरवू? सगळा पत्रा सँडब्लास्टिंगला दिला तर चालेल का? मागचा अ‍ॅक्सल बाहेरून ठीक दिसतो, तो उघडावा का?

बिडाचा_ब्लॉक:

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर जीव अवलंबून आहे. अ‍ॅक्सल उघडायचाच, तो बाहेरून कितीही छान दिसो. त्यात डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या) दोन्ही बाजूंना व्हाइट मेटलचे (मऊ मिश्रधातूचे) थ्रस्ट वॉशर, म्हणजे बाजूचा दाब सोसणाऱ्या चकत्या असतात. शंभर वर्षांत ते ठिसूळ होऊन त्यांचा चुरा होतो. मग मोठं दातेरी चक्र बाजूला सरकतं आणि त्याला फिरवणाऱ्या लहान चक्रापासून, पिनियनपासून, सुटतं. टी गाडीचा पायाचा ब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्समधल्या ड्रमवर लागतो. चक्र सुटलं की तो ब्रेकही गेला आणि इंजिनचा अडसरही गेला. उरतो फक्त हाताचा, आणि तो उभी गाडी धरण्यापुरता आहे. उतारावर असं झालं तर गाडी आवरत नाही. दोन्ही वॉशर ब्राँझचे बसवा. ते होईपर्यंत गाडी रस्त्यावर तर नाहीच, उतारावर ढकलूसुद्धा नका.

आता इंजिन. जोर लावू नका. हे साइड व्हॉल्व्हचं, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्ये असलेलं इंजिन आहे. पिस्टन मोकळे झाले तरी व्हॉल्व्ह आपल्या गाइडमध्ये चिकटलेले असू शकतात, आणि त्या स्थितीत हँडलवर पाइप चढवून दोघांनी ओढलं तर कॅमशाफ्ट किंवा टायमिंग गिअरवर बेततं. आधी हेड काढा. बोल्ट १५ आहेत. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर सरळ ठोका द्या, किंचित आवळा आणि मगच सोडवा. थेट उलटा फिरवलात तर गंजलेला आटा डोकं तोडून ठेवतो.

हेड निघालं की चारही सिलिंडरांत अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल समसमान ओता. दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवायची. जवळपास विडी-सिगारेट, वेल्डिंग काही नको. रोज थोडी भर घाला आणि आठवडाभर तरी धीर धरा. त्याच काळात व्हॉल्व्हच्या दांड्यांवरही तेल सोडत राहा आणि एकेक व्हॉल्व्ह वर-खाली होतो का ते पाहा. मग पिस्टनच्या माथ्यावर सिलिंडरच्या मापाचा लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. उद्देश गंजाची पकड सोडवण्याचा आहे, पिस्टन खाली हाणण्याचा नाही.

तरीही हलला नाही, तर खालचं तपासणीचं झाकण काढून रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) कॅप सोडवा आणि पिस्टन वरून बाहेर घ्या. त्याआधी सिलिंडरच्या वरच्या कडेला झिजेमुळे राहिलेला ओठ रीमरने (आतून तासणाऱ्या हत्याराने) काढून टाका, नाहीतर रिंगा तिथेच अडकून तुटतात.

बेअरिंगं उघडलीच आहेत तर व्हाइट मेटल नीट पाहा. नखाने खरवडल्यावर खपली निघाली किंवा भेगांचं जाळं दिसलं की नवीन ओतून घ्यावं लागेल. रॉडच्या बेअरिंगची फट दीड थाउच्या (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास हवी. आणि एक हमखास विसरली जाणारी गोष्ट: आतून पुढे जाणारी तेलाची बारीक नळी. या इंजिनात ना तेलाचा पंप, ना फिल्टर. फ्लायव्हील तेल उडवतं, ते नळीच्या नरसाळ्यात पडतं आणि पुढे टायमिंग गिअरपर्यंत जातं. नळी गाळाने बुजली की पुढचं बेअरिंग आणि पहिला रॉड कोरडे पडतात. तारेने आणि हवेने आरपार साफ करा.

सुतारपक्षी:

बॉडीबद्दल. आत्ता उतरवू नका. चौकट कुजलेली आहे, म्हणजे पत्र्याला आकारात धरून ठेवणारं आत काही उरलेलं नाही. क्रेनने उचललीत की दारांची भोकं तिरकी होतील आणि नंतर दारं कधीच नीट बसणार नाहीत. आधी दारं बंद अवस्थेत असताना प्रत्येक फट मोजा आणि लिहून ठेवा. मग आतून एका बाजूच्या खांबापासून दुसऱ्या बाजूपर्यंत आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात लोखंडी पट्ट्या बोल्टने बसवा. वेल्डिंग नको. त्यानंतरच बॉडीचे बोल्ट सोडा.

कुजलेलं लाकूड फेकू नका. भुगा झालेला तुकडासुद्धा बाजूच्या स्क्रूच्या खुणांसकट प्लायवर ठेवून आखून घ्या, तोच तुमचा नमुना. चौकटीला जुनं, वाळलेलं सागवान चांगलं. चाकाच्या आऱ्यांना मात्र सागवान नको, ते धक्का सोसत नाही. मूळ आरे हिकरीचे आहेत. हलणाऱ्या आऱ्यांत पाणी मारून किंवा पाचर ठोकून काम भागवू नका. लाकूड सुकलं की पुन्हा तेच. चाक नव्याने भरून घ्या.

सँडब्लास्टिंग चॅसी, अ‍ॅक्सल, स्प्रिंगांचे शॅकल यांना जरूर. दारं, बॉनेट, मडगार्ड यांना नाही. वाळूच्या माऱ्याने सपाट पत्रा ताणला जाऊन फुगतो आणि तो फुगा कुठलाही डेंटर पुरता बसवू शकत नाही. पत्र्यासाठी उसाची मळी (मोलॅसिस) वापरा. पशुखाद्याच्या दुकानात मिळते. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लॅस्टिकच्या टाकीत एक ते तीन आठवडे. वास येतो, फेस येतो, पण चांगल्या लोखंडाला धक्का न लागता गंज निघतो. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचे ओतीव भाग त्यात चुकूनही टाकू नका, ते खाल्ले जातात. बाहेर काढल्यावर धुऊन लगेच वाळवा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. पावसाळी हवेत उघडा पत्रा काही तासांतच पुन्हा तांबूस होतो.

धागाकर्ता:

खूप आभार. मॅग्नेटो (इंजिन फिरताना ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) चालतो का ते पाहायला त्याच्या टर्मिनलला बॅटरी लावून बघू का? आणि नोंदणीचं काय? कागद काहीच नाहीत.

बिडाचा_ब्लॉक:

बॅटरी मॅग्नेटोच्या टर्मिनलला अजिबात लावू नका. फ्लायव्हीलवरचे १६ चुंबक त्याने कमकुवत होतात. सुरुवातीला बॅटरी फक्त कॉइलच्या पेटीच्या बॅटरीकडच्या टर्मिनलला द्या. पेटीचं लाकूड ओल धरतं आणि वीज लाकडातून फिरते, म्हणून ती पूर्ण वाळवा किंवा आतलं अस्तर बदला. फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम १-२-४-३ आहे, आजच्या गाड्यांच्या सवयीने १-३-४-२ जोडू नका.

पहिल्यांदा हँडल मारण्याआधी हाताचा ब्रेक पूर्ण ओढा, त्यानेच गाडी न्यूट्रलला येते. स्पार्कची लिव्हर पूर्ण मागे, म्हणजे वरच्या टोकाला हवी. ती खाली राहिली तर हँडल उलटं झटकतं आणि मनगट मोडतं. डावा हात, अंगठा बोटांच्याच बाजूला, आणि फक्त खालून वर ओढायचं.

नोंदणीसाठी २०२१चे विंटेज वाहनांचे केंद्रीय नियम वाचा. ५० वर्षांवरील गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. अट अशी की चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. त्यामुळे दुसरं इंजिन बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आणि ब्लॉकवरचा नंबर घासण्याआधी त्याचे स्पष्ट फोटो काढून ठेवा.